दहा लाख सहाचा विशेष

"या जगात टाकाऊ अशी एकही संख्या नाही!" मुख्य संपादक दर सोमवारी गरजत, आणि लगेच नोंदकाराकडे वळून विचारत, "ती दहा लाख सहा उरकली का हो एकदाची?"

उरकली नव्हती. संख्याकोशाचा दंडकच होता, प्रत्येक संख्येपुढे तिचा एक तरी विशेष छापायचा. दहा लाखाचं ठीक होतं. हजाराचा वर्ग आणि शंभराचा घन, जन्मजात श्रीमंती. दहा लाख एक कुठूनही वाचा, सारखीच. दहा लाख तीन मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कुणाला भागू न देणारी. नोंदकाराच्या वाट्याला मात्र ही गरीब गाय आली होती, आणि तिची नोंद झाल्याशिवाय रजा नाही असं संपादकांनी बजावलं होतं. बहिणीच्या घरी जाऊन आठ दिवस नुसतं लोळायचं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा उरली होती.

त्याने तिला सगळ्या चाळण्या लावल्या. वर्ग नाही, घन नाही. स्वतः सोडून बाकी भाजकांची बेरीज केली, तर ती संख्येइतकी भरायची सोडून कमीच भरली. अंकांचे वर्ग करून बेरीज, पुन्हा वर्ग, पुन्हा बेरीज, असं करत शेवटी एक आला तर संख्या सुखी म्हणायची. हिचे आले सदतीस, अठ्ठावन्न, एकोणनव्वद... एक काही येईना.

"तूही नाहीस होय," तो पुटपुटला.

मग पलीकडच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंना म्हणाला, "दोन गुणिले सात गुणिले एकाहत्तर हजार चारशे एकोणतीस. तिन्ही मूळ. चालेल?"

"अहो, अशा दहा लाखांच्या आत दोन लाखांवर पडल्यात! उद्या विशेष म्हणून लिहाल, गृहस्थांना दोन कान आहेत."

दुपारी त्याने हात टेकले आणि लिहून टाकलं : 'हिच्यात काहीही विशेष नाही. कोशातली अशी ही पहिलीच.'

संपादक उडालेच. "पहिलीच! वा! हाच की हो तिचा विशेष! जा, दिली रजा."

नोंदकार उठला. तेवढ्यात बाईंनी चष्मा वर केला. "साहेब, हा विशेष धरला, तर 'काहीही विशेष नाही' हे धडधडीत खोटं. खोडा."

खोडलं. रजाही खोडली.

"पण खोडल्यावर ती पुन्हा बिनविशेषाची पहिली झाली की!" संपादक म्हणाले. "लिहा."

"लिहिलं की खोटं."

"खोडलं की खरं!"

लिहा-खोडा करता करता कागदाला भोक पडलं. दोघांच्या चेहऱ्यावर तेज चढलं होतं. संध्याकाळ झाली तरी कुणी हटेना. आपली रजा नेमकी आहे की नाही, हे विचारायचंही नोंदकाराला त्राण उरलं नव्हतं. तो खाली बसला आणि त्याने टेबलावर डोकं टेकलं.

"साहेब," तो डोळे मिटूनच म्हणाला, "तुमचं चालू द्या. फक्त तेवढा दिवा घालवाल का? डोळ्यांवर येतोय."