गळतीपुरतं बोलणं

रबर म्हणजे रबर, काळं ते सगळं सारखंच, असं लोकांना वाटतं. गिऱ्हाइकांचे खरेदीवाले तर सील, म्हणजे पंपाची गळती रोखणारी रबरी कडी, हातात घेऊन टोमॅटोसारखं दाबून बघतात आणि विचारतात, "यात स्वस्तातलं नाही का?" माझं डोकंच फिरतं. अहो, त्या रबराला जन्म कुणाबरोबर काढायचाय ते आधी विचारा. तेलाबरोबर, आम्लाबरोबर की वाफेबरोबर? त्यावर ग्रेड ठरते. आमच्या कारखान्यात ती ठरवायचं काम माझं. त्यातच केस पिकले.

घरी मी एकटा. बायको होती तोवर चिरंजिवांचा फोन तिला यायचा आणि शेवटी ती तो माझ्या हातात कोंबायची. "बरंय ना?" "बरंय." संपलं. ती गेल्यावर तेवढंही राहिलं नाही. भांडण नव्हतं हो आमचं. भांडायलासुद्धा काहीतरी बोलावं लागतं.

मग चिरंजिवांच्या कारखान्यातला पंप गळायला लागला आणि माझं नशीब फळफळलं.

तो लांबच्या शहरात खाद्यतेलाच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो. तिथल्या पंपांना सीलं आमचीच. "बाबा, तुमचं सील टिकत नाही," असा भर कामाच्या वेळी त्याचा फोन आला. जुनं सील मागवून घेतलं. वाकवून बघितलं तर कडक झालेलं आणि बारीक बारीक तडे. साधं नायट्राइल जातीचं रबर होतं ते. तेलात ते उत्तम टिकतं, तेलाने असे तडे जात नाहीत.

"तेलाखेरीज काय जातं त्या पंपातून?"

"काही नाही. तेलच."

"थापा मारू नकोस."

"खरंच, बाबा. म्हणजे... सफाईला वाफ सोडतो, तेवढंच."

"मग तेच सांग ना! किती गरम? किती वेळ? सफाई करतं कोण?"

शेवटचा प्रश्न रबराचा नव्हता. पण त्याने उत्तर दिलं, "सफाईवाला सुटीवर असला की मीच." मग मला चटकच लागली, रोज फोन व्हायला लागले. पंपाच्या खोलीत उकडतं का, पाळी कधी सुटते, सुटल्यावर कुठे जातोस. तोही खोलीवर एकटाच राहतो आणि कंटाळा आला की चहा-बिस्किटांवर झोपतो, हे मला पंपाच्या चौकशीत कळलं. त्याच्या लहानपणी मी त्याला इतकं खोदून कधी विचारलं नव्हतं.

तेलात बुडवून, वाफेत ठेवून शेवटी दोन नमुने हाताशी उरले. एक जरा सुधारलेलं नायट्राइल. तीन-चार महिने तग धरेल, मग पुन्हा तडे. दुसरं हायड्रोजन दिलेलं नायट्राइल. महाग, पण तेल आणि वाफ दोन्ही सोसणारं. एकदा बसवावं आणि विसरून जावं.

पहिलं पाठवलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. स्वस्त म्हणून खरेदीवाले खूशच झाले असते. आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा गळती, पुन्हा फोन. मला तो फोन हवा होता. मी पहिलाच नमुना पुढे ओढला, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"बाबा, सील जरा लवकर पाठवता का? डाव्या हाताने लिहून वैताग आलाय."

"डाव्या का?"

"उजव्यावर गरम तेल उडालं. गळायला लागलं की पंपाखाली मीच शिरतो ना."

"कधी झालं हे?"

"झाले आठ-दहा दिवस."

"अरे, रोज बोलतोय आपण! सांगितलं का नाहीस?"

"त्याचा सीलशी काय संबंध?"

पहिला नमुना मी बाजूला सारला. महागडं सील त्याच दिवशी रवाना केलं. किमतीवरून आमचा विक्रीवाला कुरकुरला, त्याला असा झापला की दिवसभर तो माझ्या वाटेला आला नाही.

त्यानंतर फोन बंद. चांगल्या सीलची कुणाला आठवण येत नाही. मी मात्र घरी, कारखान्यात, कुठलाही फोन वाजला की उठायचो आणि तोंड पाडून बसायचो. शेवटी एका संध्याकाळी मीच लावला.

"बाबा? काय झालं?"

"गळतंय का?"

"छे! थेंबसुद्धा नाही."

"वाफ दिल्यावर बघितलंस?"

"बघितलं. एकदम चोख."

"आणि हात?"

"बरा झाला. मग फोन कशाला केलात?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं. मी घाईघाईने प्रश्न शोधायला लागलो. दाब, तापमान, काहीही. एकही सापडेना.

"बरं, ठेवू का मग?"

"नको ना ठेवूस," मी म्हणालो.

त्याने ठेवला नाही. पण पुढे काय बोलायचं ते त्यालाही सुचत नव्हतं आणि मलाही. तिकडे पंप चालू होता, त्याचा आवाज ऐकत आम्ही दोघं फोन कानाला धरून बसून राहिलो.