इशिबुताईच्या वाटेवरचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डावा. उजवा माझा जुळा भाऊ, पण तो पहिल्यापासून अबोल, म्हणून आमच्या दोघांची हकीकत मीच सांगतो.

आमचा जन्म कारखान्यात झाला. तपकिरी चामडं, लाल नाडी आणि खाली चांगला जाडजूड, मऊ तळ. काशिहारा शहरातल्या एका दुकानाच्या फळीवर आम्ही ऐटीत बसलो होतो, तेव्हा तोकुजी मालक आले. त्यांनी जन्मभर असुका गावच्या रस्त्यांवर बस चालवली होती. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हाला पायात घातलं आणि दुकानदाराला म्हणाले, "पडक्या राजवाड्याचा थांबा, दगडी थडग्याचा थांबा... जन्मभर ओरडून लोकांना उतरवलं हो. मी मेला एकदाही उतरलो नाही!"

त्या दिवसापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली. भातशेतांच्या बांधावरून, बांबूच्या बनांतून आम्ही हिंडायचो. गवताने झाकलेली राजेरजवाड्यांची थडगी लांबून साध्या टेकड्यांसारखी दिसतात. प्रत्येकीसमोर मालक टोपी काढून वाकत. फुजिवाराचा राजवाडा तर आता नुसतं मैदान आहे. खांब होते तिथे खुणेला लाल खुंट उभे केलेत. मालक त्यांच्यामधून छाती काढून चालत आणि मोठ्याने म्हणत, "महाराज, बस वेळेवर आली आहे!" मला भारी हसू यायचं. उजवा मात्र गंभीर असे.

घरी मित्सुएबाई नाक मुरडत. "मेलेल्यांच्या मागे किती हिंडाल? जिवंत बायकोकडे बघा जरा."

"मग चल की बरोबर. इशिबुताई नावाच्या त्या दगडी थडग्याला जाऊ. त्याच्यावरची माती कधीच गेली, नुसते दगड उरलेत. आत उभं राहिलं ना, की फटीतून आभाळ दिसतं. तुला दाखवायचंय."

"आज लोणच्याचे मुळे वाळत घातलेत. पुढच्या खेपेला येते."

कधी मुळे, कधी गुडघा, कधी लेकीचा फोन. पुढची खेप काही येत नव्हती. पण बाईंची माया कमी नव्हती हं! भाताच्या गोळ्यांत खारवलेलं आंबट उमे फळ भरून त्या डबा देत. आणि मालक कितीही चिखल तुडवून आले तरी त्या आम्हाला पुसून, तोंडं दाराकडे करून पायरीखाली मांडून ठेवत. आमच्याकडे ती रीतच आहे. घरचं माणूस पुन्हा निघेल तेव्हा पाय नुसते आत सरकवायचे. चिखल पुसणारा तो हात मला अजून आठवतो.

एकदा संग्रहालयात मालकांनी थडग्यात सापडलेले राजाचे जोडे पाहिले. सोन्याचा मुलामा दिलेले, आणि इतके मोठे की कुणाच्या पायाचे नसावेतच. घरी येऊन ते बाईंना म्हणाले, "काय उपयोग? त्यात एक पाऊल चालवणार नाही. मी गेलो ना, की माझ्या शवपेटीत हे माझे बूट ठेव. मेलेल्याला देतात त्या पेंढ्याच्या चपला नकोत. त्यांचा पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात बोचतो मला."

"शुभ बोला काही."

"ठेवशील ना?"

"ठेवीन हो, ठेवीन!"

हे ऐकून मी केवढा फुगलो होतो म्हणून सांगू! आपल्या धन्याबरोबर शेवटच्या वाटेवर जायचा मान राजाच्या जोड्यांना मिळाला, तसा आता आम्हाला मिळणार होता.

मग मालक आजारी पडले. आधी जिना चढेनात, मग उठेनात. बाईंनी आम्हाला लख्ख पुसलं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं, खोक्यात घातलं आणि कपाटात वर ठेवलं. "बरे झाले की घालतील. नाहीतर..." तळहाताच्या फोडासारखं जपलं त्यांनी आम्हाला. अंधारात आम्ही वाट बघत राहिलो. दोन उन्हाळे गेले. त्या कोंदट पिशवीत माझ्या तळाला काहीतरी होत होतं, पण ओरडणार कसं?

खोकं उघडलं तेव्हा घरात उदबत्तीचा वास होता. मालक पांढऱ्या कपड्यांत पेटीत झोपले होते. परलोकाच्या वाटेसाठी शेजारी काठी होती, पायाशी पेंढ्याच्या चपला. बाईंनी आम्हाला दोन्ही हातांनी पुढे केलं.

अंत्यविधीचा माणूस गुडघ्यांवर बसून खाली वाकला. "काकू, माफ करा. रबराचं काही भट्टीत चालत नाही. अस्थींवर डाग पडतात."

"अहो, पण मी शब्द दिलाय त्यांना."

"आई, जाऊ दे ना," लेक चिहारु रडत म्हणाली. "नियम आहे तो."

"अगं, त्यांना त्या चपला बोचतात! वाट केवढी लांबची, कसे चालतील ते?" बाईंचा आवाज फाटला. मग त्या हळूच म्हणाल्या, "निदान पट्टे तरी सैल करा हो."

त्या माणसाने दोन्ही पट्टे सैल केले. झाकण लागलं. काठी गेली, आम्ही राहिलो. मित्रांनो, बुटाला रडता येत नाही, हे त्या दिवशी मला फार जड गेलं.

मेलेला माणूस एकोणपन्नास दिवस चालत असतो, असं आमच्याकडे मानतात. आठवड्याने बाईंनी दोन जोड मोजे चढवले आणि चक्क आमच्यात पाय घातले.

"आई, कुठे निघालीस? तुझा गुडघा!"

"त्यांचे पाय सोललेले असणार. त्यांच्या वाटचं थोडं मी चालते."

आम्ही निघालो. पण मला लगेच कळलं की माझ्यात काही राम उरला नव्हता. प्रत्येक पावलागणिक तळाचा भुगा गळत होता. इशिबुताईचे दगड समोर दिसले आणि माझा तळ सुटून मागे राहिला. चार पावलांवर उजव्याचाही.

बाई खाली बसल्या. हातात घेताच तळाचे तुकडे झाले. तिथे पाचोळा झाडणाऱ्या एका बाईने जवळ येऊन पाहिलं. "कपाटात ठेवले होते ना? ह्या मऊ तळांचं असंच असतं हो. पायात राहिले की वर्षानुवर्षं टिकतात, जपून ठेवले की विरतात."

मालकांच्या पेटीपाशी मित्सुएबाई रडल्या नव्हत्या, त्या तिथे हमसून हमसून रडल्या. मग आम्हाला छातीशी धरून नुसत्या मोज्यांनी त्या दगडांच्या आत गेल्या. वर फटीत आभाळ होतं. निळं, अगदी मालक सांगत तसं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आले बघा मी."

मित्रांनो, तुमचे बूट तुम्हाला आवडत असतील तर त्यांना कपाटात डांबू नका. चिखलात न्या, पावसात न्या, परत आल्यावर पुसा. आम्ही चालून झिजलो असतो तर मला काही दुःख नव्हतं. आणि कुणी मायेने "चल बरोबर" म्हणालं, तर मुळे उद्या वाळत घाला.

बाईंनी आम्हाला टाकलं नाही. बिनतळाचे आम्ही अजून पायरीखाली असतो, तोंडं दाराकडे करून. त्यांनी आता स्वतःचे बूट घेतलेत. रोज सकाळी नाड्या बांधताना त्या आमच्याकडे बघून विचारतात, "येता का रे बरोबर?"

आणि आता 'पुढच्या खेपेला' म्हणायची पाळी आमची असते.