ठणठणीत बाळ

आमचे डॉक्टर फार हळवे. निर्वासितांच्या छावणीत हळवेपणा म्हणजे विकतचं दुखणं, हे मी त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं. आम्ही दोघंही नोकरीतून रजा टाकून सेवेला आलेलो. पण नर्सचं ऐकतो कोण?

एका शाळेच्या वर्गात आमचा दवाखाना होता. लढाईतून पळून आलेली माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची आणि नंबरची वाट बघायची. त्या सकाळी एक बाई पाय ओढत आली. पायाची जखम चिघळून काळीनिळी झालेली, पण तिने पुढे केली ती छातीशी धरलेली दुलई.

"आधी बाळाला बघा."

दुलई रिकामी होती. बॉम्ब पडून घर कोसळलं तेव्हा बाळ आतच राहिलं, असं तिच्या शेजारणीने मला हळूच सांगितलं. डॉक्टरांनी मात्र निमूटपणे दुलईला स्टेथोस्कोप लावला आणि हसून म्हणाले, "एकदम ठणठणीत आहे हो!" तेव्हा कुठे बाईने पाय दाखवला.

"काय ही थेरं, डॉक्टर?" मी नंतर फणकारले.

"तिने जखम दाखवली ना? मग झालं तर."

झालं कसलं! दुपारी मोठ्या इस्पितळात नेणारी गाडी आली. बाईला आज नेलं नाही तर पाय जाणार, कदाचित जीवही. आणि ती दारातच अडून बसली. आमचा नियम साऱ्या छावणीला पाठ होता. गाडीत फक्त आजारी माणूस जाणार. धडधाकट मुलाला मागे कुणाकडे तरी ठेवायचं, म्हणजे इस्पितळातले आजार त्याला चिकटत नाहीत.

"तुम्हीच ठणठणीत म्हणालात," ती म्हणाली. "मग त्याला तिकडे कसं नेऊ? आणि ठेवू तरी कुणाकडे? माझं आहे कोण आता?"

"नियम राहू द्या, घेऊन चला त्याला," डॉक्टर म्हणाले.

"आणि तिथे आजारी पडला म्हणजे?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मला असा राग आला म्हणता! यांनी घोळ घालायचे आणि निस्तरायचे आम्ही. बाळाला ताप आलाय म्हणून ठोकून द्यायचं, की गेली ती दुलईसकट गाडीत. मी स्टेथोस्कोप ओढून घेतला, दुलईवर टेकवला आणि बोलायला तोंड उघडलं.

तोंड तसंच राहिलं. आत ठोके पडत होते. भराभर, स्पष्ट, तान्ह्या बाळाचे पडतात तसे. माझेच असतील म्हणून मी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. माझी नाडी कितीतरी सावकाश चालली होती.

"काय झालंय त्याला?" बाईने घाबरून विचारलं.

खोटं बोलायला जीभ रेटेना. "काही नाही गं. चांगला आहे."

"मग तुम्ही सांभाळा, ताई."

तिने दुलई माझ्याकडे दिली, माझा हात त्याच्या डोक्याखाली नीट सरकवला आणि लंगडत गाडीत जाऊन बसली.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "सुटलो बुवा! द्या ती दुलई, घडी करून ठेवतो."

"हळू बोला," मी म्हणाले. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."