आधी हे पाणी पी

“आधी हे पाणी पी, मग काय ते बोल,” म्हणत मुलाने साखरेच्या पाण्याचा पेला शिवणकाकूंच्या तोंडाशी धरला.

“माझं मशीन कुठंय?”

“बघ, हात कसे थरथरतायत! साखर उतरलीय तुझी.”

खिडकीखालची जागा रिकामी होती. सकाळी काकू दवाखान्यात गेल्या तेव्हा तिथे त्यांचं शिलाई मशीन होतं आणि त्यावर शेजारच्या मुलीचा अर्धवट फ्रॉक. आता फरशीवर मशीनच्या पायांच्या चार खुणा उरल्या होत्या. फ्रॉक मात्र कुणीतरी नीट घडी घालून ठेवला होता. तो नीटनेटकेपणा पाहून तर त्या जास्तच भडकल्या.

दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांची साखर खरोखरच उतरली होती. घामाने निथळत त्या गिऱ्हाइकाला नाही नाही ते बोलल्या, आणि साखरेचं पाणी पोटात जाताच गरीब गाय झाल्या. घरच्यांना आयती युक्ती सापडली. काकूंचा आवाज चढला की पेला पुढे. नवऱ्याने न विचारता पाहुणे बोलावले, त्या चिडल्या, पेला. सून चारचौघांत टाकून बोलली, पेला. आपलंच डोकं फिरलं असेल म्हणून काकूही निमूट प्यायच्या.

आणि आज डॉक्टर खेकसले होते, “साखरेची तीन महिन्यांची सरासरी पार चढलीय. चोरून गोड खाता का?”

मग सिस्टरने सगळ्या पेशंटना डोळे मिटायला लावले. “अंगात काय चाललंय ते बघा. जे वाटतंय त्याला नाव द्या. आणि शंका आली तर आधी बोट टोचा, मग खा.” काकूंना तेव्हा ही थेरं वाटली होती.

आता त्यांनी उभ्या उभ्याच डोळे मिटले. घाम नव्हता. भोवळ नव्हती. कान तापले होते, दातांवर दात आवळले होते. त्यांनी कपाटातून साखर मोजायचं यंत्र काढलं, बोट टोचलं आणि आकडा बाजूला उभ्या नवऱ्यासमोर धरला.

“एकशे अठ्ठावीस,” नवरा चाचरला. “बरोबर आहे की. मग झालंय काय तुला?”

“राग आलाय.”

“अगं, डॉक्टरच मागे म्हणाले होते ना, ताण नको. म्हणून भंगारवाल्याला दिलं. तुझ्या भल्यासाठीच.”

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला विचारलंत? दोन वर्षं तोंड उघडलं की पाणी पाजलंत मला! आणि चोरून खाते म्हणून बोलणी मी खायची? जा, आत्ताच्या आत्ता घेऊन या.”

मुलगा चप्पल अडकवून पळाला, आणि तासाभराने हात हलवत परत आला. “आई, त्याने तोडलं गं ते.”

चार खुणांच्या मधोमध बसून काकूंनी फ्रॉक मांडीवर घेतला. सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला.

नवऱ्याचा हात सवयीने पेल्याकडे गेला.

“ठेवा तो,” टाका घालत काकू म्हणाल्या. “माझं बोलून व्हायचंय अजून.”

त्याने पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि समोर येऊन खाली बसला.