काळी रेघ दिसेपर्यंत

मित्रांनो, ज्या वर्षी पाणकाकांच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी मी या पोहण्याच्या तलावावर आलो. मी एक जुना पंप आहे. लग्नाला आलेले पाहुणेसुद्धा तेव्हा मला पाहून गेले होते.

तलावातलं पाणी ओढायचं, वाळूच्या गाळणीतून काढायचं आणि परत तलावात सोडायचं, एवढंच माझं काम. पण एवढ्याशा पत्र्याच्या खोलीत बसलेल्या माझ्या पोटातून तीन लाख लिटर पाणी जाऊन यायचं! आजही ते आठवलं की अंगावर शहारा येतो.

पाणकाका तलावाचे राखणदार. सकाळी आले की मला सुरू करायचे, डबा खायला बसले की बंद. चार तास. माणसं कमी होती तोवर तेवढ्यावर भागलं. पुढे गर्दी वाढली आणि पाणी धुरकट दिसू लागलं.

त्याच सुमारास काकांच्या थोरल्या बहिणीचं, शिवणकाम करणाऱ्या ताईंचं, मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तो पाय जमिनीवर भार घेईना. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात चालवा." छातीभर पाण्यात ताई खरोखर चालू लागल्या! बारा पावलांपर्यंत मजल गेली आणि तलावावर तपासनीस आले.

"तळाची काळी रेघ काठावरून दिसत नाही," ते म्हणाले. "खाली कुणी बुडालं तर कळायचं कसं? ती दिसेपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. आठ दिवसांत रेघ दिसली नाही, तर तलाव बंद."

"म्हणजे मी परत खाटेवर," ताई म्हणाल्या.

पाणकाकांनी फरशीवर खडूनं हिशेब मांडला. लांबी वीस मीटर, रुंदी दहा, सरासरी खोली दीड. तीनशे घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर. माझ्या अंगावरच्या पट्टीवर लिहिलं होतं, तासाला पन्नास हजार लिटर.

"सगळं पाणी एकदा गाळायला सहा तास!" ते ओरडले.

तीन दिवस मी सहा-सहा तास फिरलो. औषधही त्यांनी मोजून टाकलं. रेघ काही दिसेना.

चौथ्या दिवशी ताई माझ्याजवळ खुर्ची टाकून बसल्या.

"काय रे, ही पट्टी कधीची?" त्यांनी काकांना विचारलं.

"पंप आला तेव्हाची. लग्नाच्या सालची."

"त्या साली तू एकटा पोतं उचलायचास. आता उचलशील?"

काका पट्टीवरची धूळ पुसू लागले.

"जुन्या मापानं ब्लाउज शिवला तर अंगात जातो का, शहाण्या? नव्यानं माप घे त्याचं."

शेजारी लहान मुलांचा रिकामा हौद होता, बरोबर दहा हजार लिटरचा. काकांनी माझं पाणी त्यात सोडलं. ताईंनी घड्याळ धरलं. पट्टीच्या हिशेबानं हौद बारा मिनिटांत भरायला हवा होता. लागली वीस मिनिटं. म्हणजे मी तासाला तीस हजारच लिटर ओढत होतो. माझं चाक इतकं झिजलंय, हे मलाही ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली.

"दहा तास लागतील," काका हळूच म्हणाले. "बिचारा."

"बिचारी मी आहे! तो नाही. चालू कर त्याला."

त्या दिवसापासून मी रोज दहा तास फिरलो. आठव्या दिवशी सकाळी तपासनीस परत आले. बाहेरून काकांचा आवाज आला, "ताई, बघ गं." तीन लाख लिटर पाणी होतं आणि जणू नव्हतंच. खोल तळावर ती काळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पडली होती. तपासनिसांनी वाकून पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. दुपारी ताई पाण्यात उतरल्या. आता त्यांना स्वतःची पावलं दिसत होती. त्या दिवशी त्यांनी एकतीस पावलं टाकली.

आता माझ्या जागी नवा पंप आहे. मी कोपऱ्यात असतो. मित्रांनो, तुमच्याजवळच्या जुन्या यंत्राचं, जुन्या माणसाचं बळ पट्टीवर वाचू नका. मधूनमधून जवळ बसून त्याचं नव्यानं माप घ्या आणि त्याला तेवढा वेळ द्या.

ताई अजून काठी टेकत येतात आणि नव्या पंपाचं माप घ्यायला त्याच्यासमोर घड्याळ धरून बसतात. पाणकाका गेल्या उन्हाळ्यात, तलावाच्या सुट्टीच्या सोमवारी, सकाळी वारले.