लहबीबच्या बाजूची भोकं

महजूबची जाळी अखेर आरशासारखी सपाट निघाली आणि त्यामुळेच त्याचं वाटोळं झालं. पण असं काही घडलंच नाही, असं धरून चालू. महजूब तरी तसंच धरून चालतो.

माराकेशच्या पितळकारांच्या गल्लीत या मालेमचं, म्हणजे उस्तादाचं, दुकान. दुकान म्हणजे मध्ये शिशाची जाड लादी आणि तिच्या दोन बाजूंना दोन स्टुलं. पत्र्याला भोक पाडलं की भोवतालचं पितळ रेटलं जातं; एकाच बाजूने ओळीने ठोकत गेलात तर पत्र्याची कढई होते. म्हणून महजूब आणि त्याचा जोडीदार लहबीब समोरासमोर बसायचे. याचा एक घाव, त्याचा एक घाव, मधून बाहेर. रमजान संपता संपता लहबीब वारला. काम करता करता वगैरे नाही. घरी, पोटभर जेवून.

दुखवटा सरला तसा गल्लीतल्या कारागिरांचा मुखिया अल्लाल, सगळ्यांचा 'सी', म्हणजे साहेब, आला.

"मालेम महजूब, समोरची बैठक बूअज्जाला देतोय. मोबाइलची कव्हरं विकेल बिचारा."

"तिथं लहबीब बसतो."

"बसायचा."

"सी अल्लाल, सरायच्या दाराची जाळी आहे हातात. दोन बाजूंचं काम. सपाट निघाली तर ती बैठक चालू आहे असं माना."

"बघू," अल्लाल म्हणाला.

महजूबने आपल्या स्टुलावरून ठोकायला घेतलं. पत्रा फुगला. बूअज्जा दारात उभा राहून म्हणाला, "वा मालेम! सरायचं दार आता टोपी घालणार!"

महजूबने पत्रा तापवला, लाकडी हातोडीने दाबून सपाट केला आणि नव्याने सुरुवात केली. एक घाव इकडून. मग उठायचं, लादीला वळसा घालायचा, लहबीबच्या स्टुलावर बसायचं, एक घाव तिकडून. परत वळसा. पत्रा मुकाट पडून राहिला.

"लहबीब, तुझा घाव जड पडतोय."

वळसा. "तुझाच हात हलका झालाय, म्हाताऱ्या."

वळसा. "म्हातारा कोण रे?"

प्रत्येक उत्तराला चालत जावं लागत असल्यामुळे भांडण फार लांबलं. शेवटी महजूब चिडला आणि दुपारपर्यंत अबोला धरला. ठोकणं तेवढं चालू. मग पलीकडच्या स्टुलावरून हळूच आवाज आला, "बरं, माझंच चुकलं. चहा टाक." लहबीबच नेहमी आधी माघार घ्यायचा. महजूबने दोन ग्लास भरले आणि दोन्ही आपणच प्यायला. दुसरा प्यायला बराच वेळ लागला.

जाळी झाली. अल्लालने ती दगडावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले. टक्क नाही की टुक्क नाही.

"सुरेख. कुणी केली?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

महजूबने लहबीबच्या स्टुलाकडे पाहिलं.

"एकट्यानेच ना? मग झालं तर. तुला समोर कुणी लागतच नाही." अल्लाल दाराकडे वळून ओरडला, "बूअज्जा, आण तुझा माल!"

महजूब जाऊन लहबीबच्या स्टुलावर बसला. बूअज्जा खोकं घेऊन समोर उभा. महजूबने घसा साफ केला आणि सरकारी कारकुनाच्या आवाजात सुरुवात केली.

"अर्जदार नम्र विनंती करतो की, मयत इसम लहबीब स्वतः समक्ष हजर राहून ही बैठक सोडत असल्याचं लेखी देईपर्यंत ती रिकामी समजण्यात येऊ नये, आणि तोवर त्याची गैरहजेरी भरपगारी रजा म्हणून मंजूर करण्यात यावी."