हिरव्या पाखराचा फोटो

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा कागद मशिनीत घातला, दोनदा काढून चुरगाळला. आता जेवणाच्या सुट्टीत हापिस रिकामं हाय, तवर जमंल तेवढं टाइप करतो.

मी नाथाजी, औंधचा. सांगलीत कारकून हाय, मदनच्या घरात खोली घेऊन ऱ्हातो. मदन जैनाचा, माझ्याच वयाचा. मला दिव्यावर येणाऱ्या पाखरांचा, म्हंजे पतंगांचा, नाद. सकाळी दिव्याखालच्या भिंतीवर ती गप बसलेली असत्यात, तवा फोटो काढायचे. कॅमेरा मदनचा. जवळनं यावं म्हणून म्होरं भिंग मी चिकटवलंय. कुणी शिकवलं न्हाई, रोल नासत नासत शिकलो.

कॅमेरा देताना मदनच्या आईनं, राजमतीआक्कानं, एकच अट घातली. "एकबी जीव जायला नको." आक्का गाळल्याशिवाय पाणी पीत न्हाई, आन दिवस मावळायच्या आत जेवती. मी व्हय म्हणलो.

पाऊस लागायच्या आधी गावी गेलो. यमाईच्या डोंगरावर एका बुंध्यावर ते दिसलं. फिकट हिरवं, तळहाताएवढं, मागं दोन लांब शेपट्या. असलं पाखरू जन्मात बघितलं नव्हतं. रोलात एकच फोटो शिल्लक. पर ते सावलीत, आन ह्या कॅमेऱ्याला ऊन लागतंय. उन्हात ठेवलं की थरथरायचं, सरपटत परत सावलीत जायचं.

संगं चुलतभाऊ लालासाहेब, मिलिटरीतनं रजेवर आलेला. फटफटीवर बसून हसत व्हता. "पाखरू हाय का नवरी रं? किती वाट बघतोयस? पेट्रोलचा बोळा दाव, गप बसंल."

त्याचा दोष न्हाई. बोळा मी भिजवला. पाखरू डब्यात मी घातलं, झाकणबी मीच लावलं. वाटलं, जरा गुंगी यील, मग जाईल उडून. झाकण काढलं तर पाय आखडलेले. तरीबी बाभळीच्या डिंकानं ते उन्हातल्या बुंध्यावर चिकटवलं, काडीनं पंख सरळ केले आन फोटो काढला.

माझा आजवरचा सगळ्यात भारी फोटो. आक्कानं चष्मा लावून बघितला. "किती निवांत बसलंय. मग उडून गेलं?"

"व्हय, आक्का."

तवापास्नं घरात पाखरू आलं की ती मलाच हाक मारती. "नाथाजी, तुझ्या हाताला ती भीत न्हाईत बघ." मी ओंजळीत धरून बाहेर सोडतो. मग हात धुतो. पेट्रोलचा वास येतोय असं वाटतं.

काल मदननं तो फोटो मोठा करून आणला. यंदा महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्सं व्हत्यात, म्हणून पर्युषणात बस्तीत, त्यांच्या देवळात, लावायचा. खाली लिवलेलं, 'जगा आणि जगू द्या'.

"मदन, हे मेलेलं हाय."

"मग तूबी मेलेलाच की. फोटोत तूबी असाच ताठ दिसतोस." हसला. मग माझ्याकडं बघितलं आन हसू गेलं. मी सगळं सांगितलं. तो फोटोतल्या डिंकाच्या ठिपक्याकडं बघत ऱ्हायला.

"मला सांगून काय?" म्हणला. "खोटं तू माझ्याशी न्हाई बोललास."

आत आक्का तांदूळ निवडत व्हती. किडा दिसला की बोटावर घेऊन खिडकीत ठेवत व्हती.

"तिला कळलं तर तुझ्या पापाचा उपास तीच धरंल, पाणीबी न घेता," मदन म्हणला. "साठीच्या वर हाय ती."

ह्याचीच मला भीती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी फोटो गुंडाळून त्याच्याच हातात दिला. म्हणलो, "हा बस्तीत जायचा न्हाई. उद्या सांजचं ती जेवली की तुझ्याम्होरं सांगतो. आन तिनं उपास धरला, तर ती पाणी घेईस्तवर मीबी घेणार न्हाई. हा माझा शब्द हाय, मदन."